घरच्या दुखण्यांची वही

मैत्रिणींनो,

बार्शीहून एका वाचक भगिनीचं पत्र येऊन आज तीन आठवडे झाले. एरवी मी पत्राचं उत्तर लांबवत नाही. पण हे पत्र दोनदा वाचलं, घडी घालून किराण्याच्या हिशेबाच्या वहीत ठेवलं, आणि रोज हिशेब लिहिताना ते समोर येत राहिलं.

त्या लिहितात : ‘माझ्या आईला त्रेचाळिसाव्या वर्षी स्तनाचा कॅन्सर झाला आणि त्यातच ती गेली. माझ्या मावशीलाही शेहेचाळिसाव्या वर्षी तोच झाला, पण उपचार होऊन ती आता बरी आहे. माझं वय चौतीस. आमच्या डॉक्टरीणबाईंनी मला जेनेटिक काउन्सेलिंग करून यायला सांगितलं आहे. सासूबाई म्हणतात, चांगलं चाललेलं असताना दुखणं कशाला शोधत जायचं? मिस्टर म्हणतात, तुझं तू ठरव. ताई, मी काय करू?’

उत्तर लांबलं ह्याचं कारण सांगते. ह्या वाटेनं मी स्वतः जाऊन आले आहे, पण ती गोष्ट माझ्या एकटीची नाही. माझ्या आत्याची, वडिलांची आणि धाकट्या बहिणीची ती जास्त आहे. त्यांना विचारल्याशिवाय लिहिणं बरं नव्हे. तिघांनाही विचारलं. आत्या म्हणाली, “लिही की. नाव तेवढं घालू नकोस.” म्हणून आज लिहायला बसले.

आमच्या घरात कॅन्सर हा शब्द कुणी उच्चारत नसे. माझी आजी, म्हणजे वडिलांची आई, ‘पोटात पाणी होऊन’ गेली, एवढंच आम्ही ऐकलेलं. २००२ साली आत्याच्या छातीत गाठ निघाली, तेव्हा ती एकेचाळीस वर्षांची होती. ऑपरेशन झालं, औषधं झाली, केस गेले आणि परत आले. आत्या उभी राहिली. आम्हां सगळ्यांच्या लेखी ते प्रकरण तिथं संपलं.

मध्यंतरी आमच्या गावात बायकांच्या तपासणीचं एक शिबिर झालं. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, “आईला, मावशीला, बहिणीला कॅन्सर?” मी म्हटलं, “नाही, पण आत्याला झाला होता.” ते म्हणाले, “आत्याचं नाही धरायचं, ते वडिलांकडचं.” कागदावर ‘काही नाही’ असं लिहून त्यांनी मला मोकळं केलं. मीही हलक्या मनानं घरी येऊन आमटीला फोडणी दिली. ते उत्तर साफ चुकीचं होतं, हे कळायला पुढं काही वर्षं जावी लागली.

२०२३ च्या श्रावणात आत्याचं पोट फुगू लागलं. आधी गॅस म्हणून चूर्णं घेतली, मग सोनोग्राफी केली. निघाला अंडाशयाचा कॅन्सर. तिच्या डॉक्टरांनी दोन्ही दुखणी एका कागदावर लिहिली आणि म्हणाले, “ह्यांचा काही संबंध आहे का, ते पाहायला हवं. घराण्याची सगळी माहिती घेऊन मुंबईला जेनेटिक काउन्सेलिंगला जा.” आत्याचा मला फोन आला : “तू बीए झालीस, शाळेत शिकवतेस, अक्षर चांगलं आहे तुझं. घराण्याचं तूच लिहून आण.”

मला वाटलं, एका दुपारचं काम. अण्णांच्या ट्रंकेत आमची वंशावळ होती. आठ पिढ्यांची, ठसठशीत अक्षरात लिहिलेली. उघडून बघते तर त्यात एकही बाई नाही! अमक्याचा मुलगा तमका, तमक्याचा मुलगा फलाणा. मुली लग्न होऊन गेल्या म्हणून नाहीत, आणि सुना परघरच्या म्हणून नाहीत. माझ्या आजीचं माहेरचं नावसुद्धा घरात कुणाला धड सांगता येईना.

मग मी शंभर पानी वही घेतली आणि म्हाताऱ्या माणसांच्या घरी जाऊन बसू लागले. मैत्रिणींनो, हे काम पुरुषांकडून होत नाही. काकांना विचारलं तर ते म्हणत, “आजारी होती आणि गेली.” काकू मात्र ताक घुसळता घुसळता सांगत, “अगं, पोट असं घागरीएवढं झालं होतं, आणि हातपाय काड्या.” वर्षं कुणाला आठवत नव्हती, प्रसंग आठवत होते. आजीचं लग्न बेचाळीसच्या चळवळीच्या साली झालं, तेव्हा ती सोळाची होती. ती गेली कोयनेच्या भूकंपानंतरच्या उन्हाळ्यात. भूकंप डिसेंबर १९६७ चा, म्हणजे आजी गेली १९६८ साली, जेमतेम बेचाळिसाव्या वर्षी. अण्णा तेव्हा बारा वर्षांचे होते आणि आत्या सात वर्षांची.

पुढं पाटणला आजीच्या माहेरी गेले. तिथं कळलं की तिच्या एका बहिणीच्या ‘छातीला जखम झाली ती भरलीच नाही’. तीही चाळिशीतच गेली. हे सांगणाऱ्या आजीबाईंनी आधी दार लोटून घेतलं, मग आवाज खाली केला. सत्तर वर्षांपूर्वी मेलेल्या बाईचं दुखणं, तरी घरातल्या लेकीसुनांच्या कानावर जाऊ नये म्हणून!

वही घेऊन आम्ही मुंबईला गेलो. आत्या, अण्णा आणि मी. मला वाटलं होतं, आत नेतील, रक्त काढतील, पाठवून देतील. तसं काही झालं नाही. एक तरुण काउन्सेलर बाई तासभर आमच्याशी बोलत बसल्या. त्यांनी मोठा कागद घेतला. पुरुषाला चौकोन, बाईला गोल. गेलेल्या माणसावर तिरकी रेघ, कॅन्सर झालेल्याचं घर काळं. माझ्या वहीतली माणसं एकेक करून त्या कागदावर बसली. आजी, आजीची बहीण, आत्या, असे काळे गोल एका ओळीत आले, तेव्हा आम्ही तिघंही गप्प झालो. आणि त्या गोलांच्या मधोमध अण्णांचा चौकोन होता, पांढरा.

बाईंनी जे समजावलं ते माझ्या शब्दांत सांगते. आपल्या शरीरातल्या प्रत्येक जनुकाच्या, म्हणजे जीनच्या, बहुतेक दोन प्रती असतात. एक आईकडून आलेली, एक वडिलांकडून. त्यांतली बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२ ही दोन जनुकं सगळ्यांनाच असतात, बायकांना आणि पुरुषांनाही. त्यांचं काम रफू करण्याचं. पेशीतला डी.एन.ए. रोज कुठं ना कुठं उसवत असतो, तो दुरुस्त करायला ही जनुकं लागतात. एखाद्याची एक प्रत जन्मतःच बिघडलेली असली तरी दुसऱ्या प्रतीवर काम भागतं. पण पुढं एखाद्या पेशीत ती दुसरीही बिघडली, की उसवलेलं तसंच राहतं, आणि तिथून कॅन्सरची सुरुवात होऊ शकते. म्हणजे कॅन्सर वारशानं येत नाही, त्याचा धोका येतो.

ज्याच्याकडे बिघडलेली प्रत आहे, त्याच्या प्रत्येक अपत्याला ती मिळण्याची शक्यता निम्मी. मुलगा असो वा मुलगी, पहिलं असो वा चौथं, दर वेळी नाणं नव्यानं उडवायचं. बापाला स्वतःला काही झालेलं नसतं, तरी त्याच्याकडून ती लेकीकडे जाते. म्हणून आत्याचं धरायचं असतं, मैत्रिणींनो. मावशीइतकंच धरायचं असतं! आणि ज्याला ती प्रत मिळालीच नाही, त्याच्या मुलाबाळांत ती त्याच्याकडून उतरत नाही. ‘एक पिढी सोडून येतं’ असं आपण म्हणतो, ते खरं नव्हे. मधल्या पिढीत ते असतं, फक्त दिसत नाही.

घरी आल्यावर मी ह्या विषयावरचं मिळेल ते वाचून काढलं. त्यातली एक हकिकत सांगायलाच हवी. १८९५ साली अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या अॅन आर्बर गावी पॉलिन ग्रॉस नावाची एक शिवणकाम करणारी बाई होती. ती अल्ड्रेड वॉर्थिन ह्या डॉक्टरांना म्हणाली की, मी फार जगणार नाही, आमच्या घराण्यात सगळे पोटाच्या, आतड्याच्या नाहीतर गर्भाशयाच्या कॅन्सरनं जातात. डॉक्टरांनी ते हसण्यावारी नेलं नाही. तिच्याच मदतीनं त्यांनी घराण्याची माहिती जमवली आणि १९१३ साली ती छापली. पॉलिन पुढं गर्भाशयाच्या कॅन्सरनंच गेली. त्या घराण्याचा अभ्यास नंतर हेन्री लिंच ह्या डॉक्टरांनी नेटानं पुढं चालवला. आतड्याच्या आणि गर्भाशयाच्या कॅन्सरचा धोका वाढवणाऱ्या त्या आनुवंशिक दोषाला आज लिंच सिंड्रोम म्हणतात. स्तनाच्या कॅन्सरचं तसंच झालं. मेरी-क्लेअर किंग ह्या शास्त्रज्ञ बाईंनी १९९० साली दाखवून दिलं की, काही घराण्यांतला हा धोका सतराव्या गुणसूत्रावरच्या एका जनुकाशी बांधलेला आहे. १९९४ साली ते जनुक प्रत्यक्ष हाती लागलं, तेच बीआरसीए-१. पुढच्याच वर्षी बीआरसीए-२ सापडलं. पण त्याच्या शंभर वर्षं आधी एका शिवणाऱ्या बाईनं आपल्या नातेवाइकांची दुखणी मनात टिपून ठेवली होती, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

आता पुन्हा घरी येते. पहिली तपासणी आत्याची झाली. ज्या माणसाला कॅन्सर झाला आहे, त्याचं रक्त आधी तपासायचं, असा नियम आहे. कारण दोष असलाच तर तो तिथं सापडण्याची शक्यता सर्वांत जास्त. आत्या आधी तयार नव्हती. म्हणाली, “माझं काय व्हायचं ते झालं. आता कळून मी काय करू?” काउन्सेलर बाई म्हणाल्या, “दोन गोष्टी होतील. तुमच्या औषधोपचाराची दिशा ठरवायला मदत होईल, आणि तुमच्या मागच्यांना कळेल.” ह्यातली पहिली गोष्टही खरी निघाली. बीआरसीएचा दोष असलेल्या अंडाशयाच्या कॅन्सरला विशेष लागू पडणारी औषधं आता निघाली आहेत. आत्याला त्यांतलंच एक चालू आहे.

निकाल यायला काही आठवडे लागले. बीआरसीए-१ मध्ये दोष. मग अण्णांची तपासणी. तोच दोष. सदुसष्ट वर्षांचा माणूस, आयुष्यात कधी दवाखान्यात झोपला नाही. कागद वाचून झाला तसे उठले आणि मागच्या अंगणात झाडांना पाणी घालत राहिले. रात्री आईला म्हणाले, “पोरींना मी हे दिलं.” आई म्हणाली, “तुम्हांला तरी कुणी विचारून दिलं होतं?” ह्याहून शहाणं उत्तर मी अजून कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही.

राहिलो आम्ही दोघी बहिणी. मी चार महिने काढले. कधी शाळेत फळ्यावर लिहिताना मध्येच थांबायची, कधी मुलीची वेणी घालताना. शेवटी ह्यांनी एका रविवारी स्वतःच गाडीची तिकिटं आणून टेबलावर ठेवली. माझ्यात दोष नाही निघाला. माझ्याहून आठ वर्षांनी लहान बहिणीत निघाला.

खरं सांगते, मला आनंद झाला नाही. झाला असेल तर तो घटकाभर, आणि मग त्याचीच लाज वाटली. पाठच्या बहिणीचं ताट पुढं ओढून घेतल्यासारखं वाटलं. काउन्सेलर बाईंना हे सांगितलं, तेव्हा त्या म्हणाल्या, “सुटलेल्यांना असं वाटतं. त्यासाठीही आमच्याकडे या.” तोवर मी समजत होते की, काउन्सेलिंग म्हणजे तपासणीच्या आधीचं भाषण.

बहीण पुण्याला बँकेत आहे. तेव्हा सत्तावीस वर्षांची होती आणि तिच्यासाठी स्थळं पाहणं चालू होतं. आईचा जीव तिथं अडकला. “हे कुणाला सांगायचं नाही. लग्न होईपर्यंत तरी नाही,” आई म्हणाली. आईला मी दोष देत नाही. लपवण्यानं मुली उजवल्या जातात, हेच तिनं आयुष्यभर पाहिलं होतं. पण बहिणीनं ऐकलं नाही. एका स्थळाच्या दुसऱ्या भेटीत तिनं मुलाला स्वतःच सगळं सांगितलं. आठवड्यानं निरोप आला, पत्रिका जमत नाही. घरात आठ दिवस कुणी कुणाशी धड बोललं नाही. नवव्या दिवशी बहीणच मला म्हणाली, “ताई, मंगळ असला तर पहिल्या भेटीत सांगतो ना आपण? मग हे तर खरं आहे.”

अजून तिचं लग्न ठरलेलं नाही. मी ते ठरलं असं लिहून गोष्ट गोड करणार नाही. ती दर सहा महिन्यांनी डॉक्टरांकडून स्तनांची तपासणी करून घेते, वर्षातून एकदा एम.आर.आय. करते. अंडाशयांसाठी मात्र अशी भरवशाची तपासणी अजून नाही. म्हणून बीआरसीए-१ चा दोष असलेल्या बाईला मुलंबाळं झाल्यावर, साधारण पस्तीस ते चाळीस ह्या वयात, अंडाशय आणि गर्भनलिका काढून टाकण्याचा सल्ला देतात. त्यामुळं पाळी लवकर जाते आणि तिचे त्रास सोसावे लागतात. तो निर्णय तिचा ती पुढं घेईल. घाई कुणी केलेली नाही. पण आजीला जे बेचाळिसाव्या वर्षापर्यंत कळलं नाही, ते हिला सत्तावीसाव्या वर्षी कळलं आहे.

पाटणच्या नातेवाइकांनाही मी पत्रं लिहिली. चार घरांना. एका घरातली सून मुंबईला जाऊन आली. दुसऱ्या घरातून फोन आला तो रागाचा : आमच्या मुलींच्या लग्नात खोडा घालायचा आहे का? दोन घरांतून काहीच नाही. पत्र लिहिणं माझ्या हातात होतं, तेवढं केलं.

आता तुम्हां सगळ्यांसाठी कामाच्या गोष्टी.

घाबरून जाऊ नका, हे पहिलं. कॅन्सर झालेल्या शंभर माणसांपैकी साधारण पाच ते दहांमध्येच असा वारशानं आलेला दोष कारणीभूत असतो. घरात एखाद्या आजोबांना सत्तराव्या वर्षी तंबाखूनं तोंडाचा कॅन्सर झाला, म्हणून तुम्ही जनुकं तपासायला धावायचं कारण नाही. २०१३ साली अँजेलिना जोली ह्या नटीनं आपल्यात बीआरसीए-१ चा दोष असल्याचं आणि आपण दोन्ही स्तन काढून घेतल्याचं वर्तमानपत्रात लिहिलं, तेव्हा जगभर बायकांनी तपासणीला गर्दी केली. पण तिची आई कॅन्सरनं छप्पन्नाव्या वर्षी गेली होती. तिनं हे आधार नसताना केलं नव्हतं.

काउन्सेलिंगला कुणी जावं?

१. घरात कुणाला पन्नाशीच्या आत स्तनाचा, आतड्याचा किंवा गर्भाशयाचा कॅन्सर झाला असेल.

२. अंडाशयाचा कॅन्सर कुठल्याही वयात झाला असेल.

३. पुरुषाला स्तनाचा कॅन्सर झाला असेल. होतो, क्वचित पण होतो.

४. एकाच माणसाला दोन वेगवेगळे कॅन्सर झाले असतील, आमच्या आत्यासारखे.

५. एकाच बाजूच्या, म्हणजे आईकडच्या किंवा वडिलांकडच्या, तीन किंवा अधिक नातेवाइकांना एकाच जातीचे कॅन्सर झाले असतील.

वहीत काय लिहावं?

आजी-आजोबांपासून मुलांपर्यंत तीन पिढ्या तरी लिहा. आईकडचं पान वेगळं, वडिलांकडचं वेगळं. ज्यांना काही झालं नाही तेही लिहा, नाहीतर हिशेब चुकतो. कॅन्सर कुठला झाला आणि कितव्या वर्षी, ह्या दोन गोष्टी सर्वांत महत्त्वाच्या. वय आठवत नसेल तर लग्न, पूर, दुष्काळ, भूकंप, कुणाचं बारसं, असे प्रसंग विचारा. ‘गोळा’, ‘पाणी झालं’, ‘अंगावरून जात होतं’, ‘जखम भरली नाही’ असं कुणी म्हणालं तर ते त्याच शब्दांत लिहून ठेवा. त्याचा अर्थ लावायचं काम डॉक्टरांचं. जुने रिपोर्ट आणि ऑपरेशनचे कागद रद्दीत देऊ नका.

तिथं काय होतं?

आधी बोलणं, मग हवी असेल तर तपासणी, मग निकाल घेऊन पुन्हा बोलणं. तपासणीची सक्ती कुणी करत नाही. ऐकून घेऊन ‘मला आत्ता नको’ म्हणून परत येणाऱ्याही असतात, आणि त्यात काही चूक नाही. तपासणीला रक्त किंवा लाळ पुरते. निकाल तीन तऱ्हेचा असतो. दोष सापडला, दोष सापडला नाही, आणि तिसरा म्हणजे बदल सापडला पण त्याचा अर्थ अजून लागलेला नाही. हा तिसरा निकाल आला तर त्यावरून ऑपरेशनासारखे मोठे निर्णय घ्यायचे नसतात. आणि दोष सापडला म्हणजे कॅन्सर होणारच, असंही नाही. बीआरसीए-१ चा दोष असलेल्या शंभर बायकांपैकी साठांहून अधिक जणींना आयुष्यात कधीतरी स्तनाचा कॅन्सर होतो, असं मोठ्या पाहण्यांतून दिसलं आहे. अंडाशयाचा धोका साधारण चाळीस ते साठ जणींना. हे आकडे मोठे आहेत. पण ज्यांना होत नाही अशाही त्यात असतातच.

खर्च किती, हे आधीच विचारून घ्या. विचारायला लाजू नका. घरात एकाचा दोष एकदा सापडला की बाकीच्यांची फक्त तेवढीच जागा तपासायची असते, त्यामुळं त्यांचा खर्च पुष्कळ कमी येतो. मुंबईच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलात कॅन्सर जेनेटिक्सचा स्वतंत्र विभाग आहे. इतर शहरांतल्या मोठ्या कॅन्सर रुग्णालयांतही ही सोय होऊ लागली आहे. आपल्या डॉक्टरांची चिठ्ठी आणि ही वही घेऊन जा.

लहान मुलांना ह्यासाठी तपासू नका. बीआरसीएसारख्या दोषांचा धोका मोठेपणी सुरू होतो, तेव्हा मूल अठरा वर्षांचं झाल्यावर त्याचं त्यानं ठरवायचं. काही दोष मात्र बालवयातच त्रास देतात. रेटिनोब्लास्टोमा हा डोळ्याचा कॅन्सर घराण्यात असेल तर बाळाची तपासणी लवकर करावी लागते. हा फरक काउन्सेलर समजावून सांगतात.

आता बार्शीच्या भगिनीला उत्तर.

बाई गं, तू जा. पण एकटी जाऊ नकोस, मावशीला बरोबर घे. तुझी आई गेली, पण मावशी आहे आणि तिला तो आजार होऊन गेला आहे. तेव्हा आधी तिची तपासणी होणं योग्य. तिच्यात दोष सापडला तर तुझ्या तपासणीला नेमकी दिशा मिळेल. आधी तुझीच केली आणि काही सापडलं नाही, तर तू खरंच सुटलीस की घरातला दोष मुळात कळलाच नाही, हे सांगता येणार नाही. मावशी नाही म्हणाली तर तिच्यावर रागावू नकोस. आमची आत्याही आधी नाही म्हणाली होती. आणि ती आलीच नाही, तरी तू जाऊन बोलून ये. तिच्यावाचून काय करता येईल, तेही तिथं सांगतील.

सासूबाईंना असं सांग की, दुखणं शोधायला नाही चालले. असलंच तर ते लहान असताना गाठायला चालले. त्यांनाही वही लिहायला बसव. तुझ्या मुलांच्या वहीत त्यांच्याकडचं पान लागणारच आहे, आणि ते त्यांच्याइतकं चांगलं कुणाला ठाऊक? माझ्या सासूबाई आधी नाराज होत्या, पण ‘आमच्याकडचं मी सांगते, लिही’ म्हणून पाट ओढून बसल्या, तेव्हा माझं निम्मं ओझं उतरलं.

आणि तुझ्या मिस्टरांना माझा निरोप सांग. ‘तुझं तू ठरव’ हे बोलणं वरून समजूतदार वाटतं. रक्त तुझं आहे, तेव्हा ठरवायचं तू हे खरंच. पण मुलं दोघांची आहेत. त्यांनी ठरवू नये, सोबत यावं. आमच्या ह्यांनी तिकिटं आणली होती, निर्णय नव्हता आणला.

माझी ती शंभर पानी वही आता आईच्या कपाटात, दागिन्यांच्या डब्याशेजारी असते. तीत आजीचं माहेरचं नाव पहिल्या पानावर लिहिलं आहे. मुलगी मोठी झाली की ती तिला दाखवायची आहे.

तुम्हांला तुमच्या वहीबद्दल काही विचारायचं असेल तर जरूर लिहा. कुणाचंही नाव छापलं जाणार नाही. पुढच्या अंकात, ठरल्याप्रमाणे, शाळा सुरू होण्याआधीची तयारी आणि डब्याचे आठ प्रकार.

तुमची,
ताई